‘शुगर म्हणजे बेशिस्त’ या मेसेजला माझं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला: सोसायटीच्या, माहेरच्या आणि शाळेतल्या मैत्रिणींच्या. मजकूर साधारण असा. डायबेटिस हा आजार नाही, बेशिस्त आहे. तोंडावर ताबा ठेवा, रोज चाला, शुगर मुकाट्याने खाली येते. आपल्या आजी-आजोबांना मनाचे असले चोचले ठाऊक नव्हते. हल्लीची पोरं मात्र मधुमेहींच्या मनावर पीएचडी करतात. हे परदेशी खूळ आहे. पेशंटला धाक हवा, समुपदेशन नको.

त्या पोरांमधली मी एक. मानसशास्त्रात पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. आठवड्यातून तीन दिवस पुण्यातल्या एका डायबेटिस ओपीडीबाहेरच्या बाकावर प्रश्नावली घेऊन बसते. तेव्हा उत्तर द्यायला हवं.

बेशिस्तीपासून सुरू करते. टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. आठ वर्षांच्या मुलाला हा आजार होतो, तेव्हा त्याने चॉकलेटं किती खाल्ली याचा काही संबंध नसतो. तरी त्याच्या आईला नातेवाईक पहिला प्रश्न तोच विचारतात. मुलगी असेल तर दुसरा प्रश्न तिच्या लग्नाचा.

टाइप २ मध्ये खाणं, चालणं, वजन यांचा वाटा मोठा आहे, ते कोणी नाकारत नाही. पण सगळा दोष तिथेच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभे असलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त, ही आपली ठेवण. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत ती नवजात बाळांमध्येही दाखवली. जन्मलेल्या बाळाला कसली शिस्त लावणार?

आणखी एक आकडा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात २६.४ टक्के निघालं, उत्तर प्रदेशात ४.८. गोव्यातली माणसं उत्तर प्रदेशापेक्षा पाचपट बेशिस्त आहेत, असं मेसेज लिहिणारे म्हणतील का?

आता मनाचे चोचले. मधुमेह झालेल्या माणसाला सुट्टी नसते. गोळी जेवणाआधीची की नंतरची हे लक्षात ठेवायचं, इन्सुलिन ऑफिसच्या बाथरूममध्ये उभ्याने टोचून घ्यायचं, लग्नाच्या पंगतीत तीनदा ‘नको’ म्हणायचं. चौथ्यांदा शेजारचा म्हणतो, ‘एका जिलबीने काय होतंय?’ आणि महिन्याने रिपोर्ट आला की तोच माणूस म्हणतो, ‘खाल्लं असशील काहीतरी!’ हे वर्षानुवर्षं चालतं. यातून जो वैताग, जी भीती, जो अपराधीपणा साठतो, त्याला या क्षेत्रात ‘डायबेटिस डिस्ट्रेस’ म्हणतात. तो मोजायला १९९५ मध्ये बोस्टनच्या जॉस्लिन डायबेटिस सेंटरमध्ये विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी वीस प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. ती आजही वापरली जाते.

डिप्रेशन वेगळं. भारतासह १७ देशांत झालेल्या ‘डॉन-२’ या पाहणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. त्यात साडेआठ हजारांहून जास्त मधुमेही होते. डिप्रेशनची शक्यता दिसली १३.८ टक्के लोकांत. डिस्ट्रेस मात्र ४४.६ टक्के लोकांत. म्हणजे बहुतेक जण मनोरुग्ण नाहीत, पण जवळजवळ निम्मे आजाराला कंटाळलेले आहेत. त्यांना डिप्रेशनची गोळी देऊन भागणार नाही आणि ‘मन खंबीर करा’ म्हणूनही नाही. कशाचा कंटाळा आलाय, ते आधी विचारावं लागतं.

ते विचारायचं तरी कोणत्या शब्दांत, यातच माझं पहिलं वर्ष गेलं. मूळ प्रश्नावलीत ‘बर्न्ड आउट’ असा शब्द आहे. आमच्या पहिल्या मसुद्यात तो ‘जळून गेल्यासारखं वाटतं’ असा उतरला होता. एका आजींनी शांतपणे सांगितलं, ‘मला जळजळ नाही गं, ॲसिडिटी ह्यांना आहे.’ मग बाकावरच्या बायकांनाच विचारत गेले, की पथ्यपाणी करून करून जीव थकतो तेव्हा काय म्हणता? कोणी म्हणालं ‘वीट आलाय’, कोणी ‘डोक्याला ताप झालाय’. एक जण म्हणाल्या, ‘मेटाकुटीला आलेय बघ.’ तो शब्द ऐकून शेजारच्या दोघींनी माना डोलावल्या. आता आमच्या मराठी प्रश्नावलीत ‘मेटाकुटीला आल्यासारखं वाटतं’ असं आहे. प्रश्नावल्या भरून घेणं हे काम मेसेजवाल्यांना फालतू वाटतं; मला या एका शब्दाचा फार अभिमान आहे.

परदेशी खूळ म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच देशातला पुरावा. ‘इंडिपेन्डन्ट’ नावाची चाचणी चेन्नई, दिल्ली, बंगळुरू आणि विशाखापट्टणम इथल्या दवाखान्यांत झाली आणि २०२० मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. मधुमेह आटोक्यात नसलेले आणि डिप्रेशनची लक्षणं असलेले ४०४ जण. निम्म्यांना नेहमीचे उपचार. निम्म्यांसोबत प्रशिक्षण दिलेले समन्वयक, जे डॉक्टर नव्हते. ते पेशंटशी बोलत, पाठपुरावा करत आणि डॉक्टरांसोबत बसून उपचारांचा आढावा घेत. दोन वर्षांनी डिप्रेशनची लक्षणं निम्म्याने घटली आणि सोबत शुगर, बीपी किंवा कोलेस्टेरॉलही उतरलं, अशांचं प्रमाण समन्वयकांच्या गटात ७१.६ टक्के होतं, दुसऱ्या गटात ५७.४. हा फरक शरीरासोबत मनाकडेही लक्ष दिल्यामुळे पडला.

राहिला धाक. याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण त्याचा परिणाम मी बाकावर बसून रोज पाहते.

एक मावशी दर महिन्याला यायच्या. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. दिवसातून दोनदा इन्सुलिन. नंबर जवळ आला की पिशवीतून शुगरची वही काढायच्या आणि तिथेच, मांडीवर ठेवून, महिन्याभराचे आकडे भरायच्या. ११२, ११८, ११०, ११५. सगळे एकाच पेनाने, एका दमात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी टेस्ट मात्र दहाच्या वर, म्हणजे खूपच जास्त. आत गेल्या की डॉक्टर चिडायचे, ‘वही एक सांगते, रिपोर्ट दुसरंच. खोटं बोलू नका.’ बाहेर येऊन त्या डोळे पुसायच्या. पुढच्या महिन्यात आकडे आणखी गोंडस.

एकदा मी शेजारी सरकून विचारलं, ‘मावशी, खरे आकडे कुठायत?’ बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘खरे लिहिले तर ओरडा बसतो गं. आणि घरी सून वाचते.’ हळूहळू कळलं. गुरुवारचा उपवास. इन्सुलिन नेहमीएवढंच घ्यायच्या, पोट रिकामं. अकराच्या सुमाराला शुगर फार उतरून घाम, हातांना थरथर, म्हणून मूठभर साखर तोंडात. संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी आणि रात्री मशीनवर २९०. वहीत ११८. उपवास करते हे डॉक्टरांना सांगायची हिंमत नव्हती, कारण पहिल्याच भेटीत त्यांनी ‘उपवासबिपवास बंद’ म्हणून दम दिला होता.

धाकाने उपवास सुटला नाही, लपला. आणि रिकाम्या पोटी पूर्ण डोस घेत राहणं जिवावर बेतू शकतं. डॉक्टर वाईट नव्हते. एका पेशंटला चार-पाच मिनिटं मिळतात. त्यात ओरडणं सगळ्यात पटकन होतं.

मावशींची परवानगी घेऊन मी ते डॉक्टरांच्या कानावर घातलं. पुढच्या वेळी त्यांनी वही मिटूनच ठेवली आणि विचारलं, ‘गुरुवारी दिवसभरात काय-काय खाता?’ मावशी माझ्याकडे बघत राहिल्या, मग सांगायला लागल्या. त्या दिवशी केसपेपरवर गुरुवारचा डोस वेगळा लिहिला गेला, आणि खाली: सकाळी एक कप दूध, दोन केळी.