बाहुल्याच बघितल्या ना?

आज वास्तुशांतीच्या जेवणात चुलतभावानं भर पंगतीत विचारलं, "वेंगुर्ल्याला दोन दिवस जाऊन केलं काय तुम्ही? स्कूबा नाही, बोटिंग नाही. बाहुल्याच बघितल्या ना?" सगळे हसले. आईपण हसली आणि वाढायचं निमित्त काढून आत गेली. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

हो, बाहुल्याच बघितल्या!

शनिवारी पहाटे सांगली सोडली, आजऱ्यावरून आंबोली उतरून दुपारी वेंगुर्ल्यात. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. जेवण झालं आणि आई ओटीवरच्या गार लादीवर पदर उशाला घेऊन जी झोपली ती साडेपाचला उठली. भरदुपारी झोपलेली आई मी पहिल्यांदा पाहिली. आजवरच्या प्रत्येक सहलीत ती डबे उघडत, बाटल्या मोजत, "पोरांनी खाल्लं का" विचारतच फिरली. संध्याकाळी नुसत्या वाळूत बसलो, अंधार पडेपर्यंत.

रविवारी कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलो. तिथं परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचं संग्रहालय केलंय, ठाकर समाजाच्या कलेचं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथीच्या पोथ्या पाहिल्या. पोथी म्हणजे पाठीला पाठ चिकटवलेल्या चित्रांचा गठ्ठा. एकेक चित्र समोर धरायचं आणि वीणा, टाळ आणि हुडूक नावाचं छोटं चर्मवाद्य यांच्या साथीवर रामायण-महाभारतातली कथा गायची. आम्ही निघालो तर तिथला एक जण म्हणाला, "वायच बसा," आणि त्यानं कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्या आईच्या हातात दिल्या.

आईचा हात दोन वर्षं थरथरतो. चारचौघांत ती चहाचा कप उचलत नाही. त्याच थरथरीनं बाहुलीची मान हलायला लागली. अगदी जिवंत बाईसारखी, होकार देत. तो म्हणाला, "बघा, तुमका येता!" आई दोऱ्या सोडेचना.

याला तुम्ही "काय केलं" म्हणता? आणि म्हणणारे कोण, तर सांगलीचे! १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' नाटक याच गावात उभं केलं. ते स्वतः बाहुल्या करायचे, नाचवायचे. भावे नाट्यमंदिरावरून रोज गाड्या दामटता ना? मग बाहुली म्हटल्यावर हसू कशाचं येतं?

स्कूबा वाईट नाही, पोरांना मजा येते, मान्य. पण सकाळी सहाला उठवून सात पॉइंट उरकायचे, फोटो टाकायचे आणि सोमवारी अंग दुखतंय म्हणून रजा काढायची, ही कसली विश्रांती? माझी आई त्या दोन दिवसांत एकदाही घड्याळाकडं बघत नव्हती.

भाऊ मनानं वाईट नाही. गेल्या वर्षी आई दवाखान्यात होती तेव्हा रात्रभर बाकड्यावर तोच बसला होता. म्हणून तर जास्त लागलं. दादा, वाचत असशील तर संध्याकाळी ये आणि आईला त्या बाहुलीचं विचार. ती हात वर धरून दाखवते. कालच नातीला दाखवत होती, रुमालाला गाठ मारून, दोरा बांधून. हात थरथरत होता आणि लपवत नव्हती.

आत्ता स्वयंपाकघरातून विचारतेय, "त्या बाहुलीचं नाव काय गं होतं?" विचारायचं राहूनच गेलं. उद्या पिंगुळीला फोन लावते.