पगारी बहिरा

ज्या नोकरीत मी सगळ्यात सुखी होतो ती माझ्या बायोडेटात नाही. घालायची म्हटलं तरी 'जबाबदाऱ्या' या मथळ्याखाली लिहू काय? स्टुलावर बसणे. काचेकडे न बघणे. सगळं ऐकू येत असताना काहीच ऐकू येत नाही असा चेहरा करणे. हल्लीच्या नोकरीत बरोब्बर उलट चालतं. मीटिंगमध्ये एक अक्षर कानात शिरत नसताना मन लावून ऐकतोय असं दाखवायचं. पगार कितीतरी पट आहे, पण कामात राम नाही.

चिपळूण, नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. एसटी स्टँडच्या रस्त्याला पिवळ्या बोर्डावर काळ्या अक्षरांत 'एसटीडी आयएसडी पीसीओ', खाली बारीक अक्षरांत 'झेरॉक्स करून मिळेल', म्हणजे परगावी-परदेशी फोन लावायचा बूथ, आणि त्या बोर्डाखाली मी. बी.कॉम. झालो होतो, म्हणजे खास असं काही येत नव्हतं, आणि मालकांना संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत बसायला असाच मुलगा हवा होता. मालक सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. बूथ देताना टेलिफोन खातं माजी सैनिकांना, अपंगांना प्राधान्य द्यायचं, त्यात त्यांना हा मिळालेला. त्यांनी तो चौकीसारखाच चालवला. सगळं गाव त्यांना सुभेदार म्हणायचं, मी सुभेदारकाका. पहिल्याच संध्याकाळी मला समोर उभं करून त्यांनी ऑर्डर दिली.

"गिऱ्हाईक आत गेलं की तू बहिरा. बाहेर आलं की आंधळा. बिल घेताना तेवढा शुद्धीवर ये."

आता बहिरं राहायचं ठरवलं तरी त्या केबिनची रचना बघा. प्लायवूड, त्यावर सनमायका, पुढे सरकती काच. आत एक चिमुकला पंखा. पंखा लावला तर त्याच्या घरघरीत पलीकडचं ऐकू येत नसे, बंद केला तर माणूस दुसऱ्या मिनिटाला घामानं निथळायचा. कोकणातली हवा. त्यामुळे जो आत जाई तो पंखा बंद करी आणि काच हातभर उघडी ठेवी. खाजगीपणा तिथंच संपला. रिसिव्हरवर बोलायच्या भोकांपाशी एक सुवासिक चकती चिकटवलेली असे. तिचा वास पहिल्या आठवड्यात उडायचा, चकती वर्षभर असायची. भिंतीवर बॉलपेननं खरडलेले नंबर, एक बाण मारलेला बदाम, आणि काचेच्या फ्रेममध्ये कोडचा तक्ता. मुंबई 022, पुणे 0212, कोल्हापूर 0231, नागपूर 0712. ते कोड मला अजून पाठ आहेत. बायकोचा मोबाइल नंबर नाही.

बूथचा खरा मालक मीटर. लाल आकडे. पलीकडून उचलला की पळायला लागायचे. गाव जितकं लांब तितके पल्स, म्हणजे बिलाचे टप्पे, भराभर पडायचे, आणि आतल्या माणसाची नजर त्या आकड्यांवरून हलायची नाही. मी माणसांना सासूचं वाक्य अर्ध्यावर तोडताना पाहिलंय, आणि दोष मीटरला देताना. "बरं बरं, पल्स पडतोय, ठेवते!" भांडण टाळायचं इतकं सभ्य कारण त्यानंतर कुणाला सापडलेलं नाही. बोलणं संपलं की छोटा प्रिंटर चर्रर्र करून बिलाची चिठोरी काढायचा. ती फाडून देताना आपण सरकारी माणूस आहोत असं वाटायचं.

अंतर वाढलं की आवाज वाढवायचा हा नियम मात्र कुणी कुणाला शिकवलेला नव्हता. खेडला फोन लावणारा साध्या सुरात बोलायचा. मुंबईला लावला की उभा राहायचा. दुबई-कुवेतला लावला की समोरचा भाजीवाला तराजू थांबवून ऐकायचा. आमच्या भागातून आखातात गेलेले पुष्कळ. शुक्रवारी तिकडे सुट्टी, त्यामुळे शुक्रवारी आमच्याकडे रांग. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, हे सुभेदार प्रत्येकाला न विचारता सांगायचे. एक खाला यायच्या, मुलगा दुबईला. "पैसे मिळाले" हे त्या इतक्या जोरात सांगायच्या की बाजारातल्या दोन-तीन उधारीवाल्यांचीही सोय व्हायची.

अशा ठिकाणी बहिरेपण ही साधना होते. माझं हत्यार वर्तमानपत्र. तेच पान दोन-दोन तास डोळ्यांपुढे. पान उलटायचं नाही, कारण ऐन मोक्याला कागद वाजला तर एखादं वाक्य बुडायचं. आत कुणाचं लग्न मोडत असताना मी कांद्याचे भाव वाचत असे. हसू आलं तर खोकायचं. माझा खोकला त्या काळात इतका वाढला की सुभेदारांनी ज्येष्ठमध आणून दिला.

रात्री अकरा ही आमची पर्वणी. अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा, त्यामुळे साडेदहापासून पायरीवर माणसं जमायची. घड्याळांची तुलना सुरू. आमचं भिंतीवरचं घड्याळ, कुणाचं एचएमटी, कुणी रेडिओच्या बातम्यांना लावलेलं. एक्स्चेंजचं घड्याळ मात्र कुणालाच दिसायचं नाही आणि खरं तेच. दहा सत्तावन्नला नंबर आलेला माणूस मागच्याला म्हणायचा, "तुम्ही जा हो पुढे." मागचा म्हणायचा, "छे, छे, तुमचा नंबर." इतका शिष्टाचार मी लखनवी लोकांबद्दल नुसता ऐकून होतो. पण 'पहले आप' म्हणत त्यांची गाडी सुटते. आमचे लोक तीन मिनिटं दोन रुपये वाचवायला काढायचे.

त्या रांगेत एक निवृत्त गुरुजी असायचे. मुलगा नागपूरला. एसटीच्या तिकिटाच्या मागे मुद्दे लिहून आणायचे, अगदी बारीक अक्षरात. घरपट्टी. आईचा गुडघा. आंब्याची कलमं. दिवाळीला येणार का. मी डोळ्यांनी वाचलेत, कारण तिकीट माझ्याच टेबलावर ठेवून ते चष्मा पुसायचे. मग आत जायचे, नंबर लावायचे, आणि, "जेवलास का? ... काय केलेलं? ... बरं. ठेवतो." बाहेर येऊन बिल बघत म्हणायचे, "बघ, पाव दरात किती कमी येतं." मुद्दे तसेच खिशात. दिवाळीला मुलगा आला तेव्हा त्याला बूथवर घेऊन आले आणि माझी ओळख करून दिली. "हा आपला फोनवाला." मुलगा हसला, मी हसलो. काय बोलणार? मला त्याच्या आईचा गुडघा माहीत होता, त्याला बहुतेक नव्हता.

सुभेदारांचे शत्रू दोन. पहिले रिंगावाले. पलीकडे उचलायच्या आत ठेवून दिलं तर मीटर पडत नाही, हे ज्ञान काही घराण्यांत वडिलोपार्जित होतं. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे मनीऑर्डर केली. तीन म्हणजे तुम्ही लावा. एक गृहस्थ आख्खं कुटुंब असं चालवायचे, दमडी न देता. शेवटी सुभेदारांनी 'लाइन अडवल्याबद्दल आठ आणे' अशी पाटीच लावली. गृहस्थ पाटी वाचून म्हणाले, "मी कुठं बोललो?" कायद्यानं ते बरोबर होते, म्हणून सुभेदार जास्त चिडले.

दुसरे शत्रू प्रेमवीर. यांची धाव एसटीडीपर्यंत नव्हतीच, बाहेरच्या लाल डब्यात रुपया टाकून काम. पलीकडे तिचा बाप उचलायचा, हा गप्प, रुपया गिळला जायचा. मग माझ्याकडे दुसरं नाणं मागायला. एकानं मला विनवलं, "तू बोल ना, तुझा आवाज मोठ्या माणसासारखा आहे." सुभेदार मागे बसले होते म्हणून वाचलो.

'पीपी' नंबरही आम्हीच. अर्ध्या आळीनं गावाला आमचा नंबर देऊन ठेवलेला. फोन यायचा, "जरा वरच्या माळ्यावरच्या वहिनींना बोलवा, दहा मिनिटांनी परत करतो," आणि मी धावायचो. वहिनी पदर सावरत यायच्या, फोनपाशी बसायच्या, फोन काही यायचा नाही. तेवढ्यात आळीतल्या चार बातम्या मला आपसूक मिळायच्या. केबिनमधल्या बातम्यांचं मीटर होतं, या फुकट.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता आली नाही. निधनाची बातमी फोनवर कुणी निधन म्हणून सांगत नसे. "आबा जरा सीरियस आहेत, मिळेल ती गाडी धरून निघा." ऐकणाऱ्यालाही कळायचं, सांगणाऱ्यालाही, आणि मलाही. मुंबईहून रात्रीची एसटी पकडून माणूस सकाळी चिपळूणला उतरायचा, ते सगळं ओळखूनच. अशा बिलाचे पैसे सुभेदार घ्यायचे नाहीत. 'मशीन बिघडलंय' म्हणायचे. मशीन धडधडीत चालू असायचं, आणि मागची रांग तेव्हा एक शब्द बोलायची नाही. नाहीतर हीच रांग पन्नास पैशांच्या सुट्ट्यांवरून माझा उद्धार करणारी.

गणपतीच्या आधी तर विचारू नका. सगळ्या कोकणाला एकाच वेळी मुंबईशी बोलायचं. रिझर्वेशन झालं का, मखराचं सामान दादरहून आणा, मोदकाचे साचे विसरू नका. नंबर फिरवला की ती बाई, "या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत." त्या महिन्यात ती बाई चिपळूणकरांशी त्यांच्या सख्ख्या नातेवाइकांपेक्षा जास्त बोलायची. त्यातून पाऊस. लाइन गेली की लाइनमनचं उत्तर ठरलेलं, "जॉइंटात पाणी गेलंय." बाजारात घोट्याएवढं पाणी असताना ते जॉइंटात जाणारच, पण सांगताना त्याचा चेहरा डॉक्टरसारखा व्हायचा.

या सुखाला नजर कुणाची लागली ते माहीत आहे. 31 जुलै 1995 ला बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला तेव्हाचे दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन लावला. सुभेदारांनी बातमी वाचून निकाल दिला, "लावणाऱ्यालाही पैसे, ऐकणाऱ्यालाही पैसे. ऐकायचे पैसे कोण देतो? चालणार नाही." हिशेब चोख होता. पण 2003 मध्ये ऐकणं फुकट झालं, 2006 मध्ये एका रुपयात देशभर मिनिटभर बोलता यायला लागलं, आणि पाव दराची वाट बघणारी रांग आपापल्या घरी, आपापल्या बाल्कनीत गेली. मी त्याआधीच पुण्याला नोकरीला लागलो होतो. बूथच्या केबिनमध्ये सुभेदारांनी झेरॉक्सचं मशीन घातलं, मग रिचार्जची कूपनं ठेवली. मशीन आत, पंखा तोच.

पण बहिरेपणाच्या साधनेचं खरं फळ मला त्या खालांनी दाखवलं. शुक्रवारची रात्र, बाहेर सात-आठ जण, मी कांद्याच्या भावात बुडालेलो, मागे सुभेदार आरामखुर्चीत डोळे मिटून. आत दुबई लागलेली. मुलगा सुट्टीवर यायचा होता, त्याच्यासाठी मुली बघायच्या होत्या, आणि कुठल्या तारखेला येणार यावरून मायलेकांची जुंपली होती. मीटर धावतोय. खालांनी रिसिव्हर कानाला तसाच ठेवून फाडकन काच सरकवली आणि माझ्यावर खेकसल्या, "अरे, मागच्या टायमाला त्याने कुठली तारीख सांगितलान?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "अठरा."

"ऐक, बूथवाला पण अठराच बोलतोय!" खालांनी दुबईला कळवलं. रांगेतल्या दोघांनी माना डोलावल्या. मी पेपर तोंडावर धरला. मागे सुभेदार बसलेत, आज आपली नोकरी गेली, असं मनात येतंय तोच आरामखुर्चीतून, डोळे न उघडता, आवाज आला.

"एकोणीस. अठराला त्याच्या मित्राचं विमान आहे."