पिशवी नको, सुकी पानं कुठं मिळतात ते सांगा

परवा कपाटाचा खालचा खण रिकामा केला तेव्हा अकरा कापडी पिशव्या निघाल्या. त्यातल्या दोन मी जुन्या चादरीच्या शिवून घेतलेल्या. त्या रोज वापरात असतात, त्यांच्या कडा विरल्या आहेत. उरलेल्या नऊ गेल्या सहा-सात वर्षांत शहरातल्या पर्यावरणाच्या कार्यक्रमांत मिळालेल्या. एकीवर पान, दुसरीवर पृथ्वीचा गोळा, शिवाय त्या त्या वर्षाचं घोषवाक्य. नऊपैकी एकीचीही घडी मोडलेली नव्हती.

तेव्हापासून मन खट्टू आहे, म्हणून हे लांबलचक लिहितेय.

डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं २०१८ साली पिशव्यांचा जन्मापासून विल्हेवाटीपर्यंतचा हिशेब मांडला होता. कापूस पिकवणं, सूत, विणकाम, वाहतूक, सगळं धरून. नुसता हवामानावरचा भार पाहिला, तरी साधी सुती पिशवी निदान ५२ वेळा वापरल्याशिवाय दुकानातल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येत नाही. इतर सगळे निकष लावले तर तो आकडा ७,१०० वर जातो. मोठ्या आकड्यावर वाद आहेत आणि ते रास्त आहेत, कारण तो मुख्यतः ओझोनचा थर विरळ होण्याच्या एका निकषातून आलाय, आणि नाल्यात, समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकचा त्रास त्या हिशेबात धरलेलाच नाही. म्हणून मी ५२ हाच आकडा धरते. आठवड्याला एकदा पिशवी नेली की एका वर्षात भार फिटला. पण कपाटातली पिशवी कधीच फेडत नाही. आणि दहावी पिशवी हातात पडते, तेव्हा पहिल्या नऊंचा वापर आणखी कमी होतो.

पर्यावरण जपून जगणं महाग असतं, असं मला अनेकजण मनापासून सांगतात. बांबूचा ब्रश, स्टीलच्या नळ्या, काचेचे एकसारखे डबे, सेंद्रिय कापसाचे टॉवेल. कार्यक्रमातल्या स्टॉलवर हेच दिसतं, म्हणून जगणंही याच वस्तूंचं असतं असं वाटू लागतं. माझं म्हणणं अगदी उलट आहे. घरात चालू असलेली वस्तू टाकून तिच्या जागी 'हिरवी' वस्तू आणणं, हे पैशाचंही नुकसान आणि पर्यावरणाचंही. प्लास्टिकचा जुना डबा फुटेपर्यंत वापरावा. स्वस्तातलं हिरवं जगणं बहुतेक वेळा विकत घेता येतच नाही. ते कुणीतरी करून दाखवावं लागतं, आणि आपल्या शहरांतल्या कार्यक्रमांत नेमकं ते करून दाखवणारं माणूस सापडत नाही.

मला सापडलं ते असं. तीन वर्षांपूर्वी मी गॅलरीत ओल्या कचऱ्याचं खत करायला घेतलं. जुन्या ड्रमला भोकं पाडली आणि भाजीची देठं, फळांच्या साली टाकत गेले. पंधरा दिवसांत वास सुटला. चिलटं झाली, तळाला काळं पाणी साचलं. शेजारच्या ताई दोनदा दार वाजवून सांगून गेल्या, तेही अगदी सौम्यपणे, म्हणून जास्तच लाज वाटली. त्याच सुमारास एका मोठ्या सभागृहात पर्यावरणाचा कार्यक्रम होता, तिथे गेले. बोलणारी माणसं अभ्यासू होती, पडद्यावरचे आलेख बरोबर होते. हवामानाबद्दल जे ऐकलं त्यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं. पण माझ्या ड्रमचं काय करू, हे विचारायला दोन तासांत जागाच नव्हती. निघताना पिशवी मिळाली.

पुढच्या रविवारी सार्वजनिक बागेत एका झाडाखाली पंधरा-वीस जण जमलेले दिसले. ना माईक, ना फलक. बागेत काम करणारे एक काका खताचं पोतं उघडून बसले होते. मी माझी अडचण सांगितली.

"सुकं किती घालता?" त्यांनी विचारलं.

"सुकं म्हणजे?"

"म्हणजे घालतच नाही तुम्ही."

त्यांनी पोत्यातलं मूठभर खत उचलून दाबलं आणि मूठ उघडून दाखवली. म्हणाले, "पिळलेल्या फडक्याइतकी ओल हवी. मुठीतून पाणी टपकलं तर सुकी पानं घाला. मुठीत गोळा धरेना तर पाण्याचा शिपका मारा. आणि आठवड्यातून दोनदा खालचं वर करा. त्यालाही श्वास लागतो."

झालं. दहा मिनिटं. चार-पाच दिवसांत वास गेला, आणि पुढे अडीच महिन्यांनी त्या ड्रममधून काळंभोर, पावसाच्या मातीसारखा वास येणारं खत निघालं. शेजारच्या ताईंच्या कुंड्यांतही तेच खत आहे.

काकांनी सांगितलं त्यामागचं शास्त्र मी नंतर वाचलं. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, सुक्या पानांत कर्ब जास्त. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना एका भाग नत्राला साधारण २५ ते ३० भाग कर्ब लागतो. घरी तोलत बसायची गरज नाही, एक वाटी ओलं टाकलं की दोन वाट्या सुकी पानं टाकायची, एवढं पुरतं. पानांमुळे फटी राहतात आणि हवा खेळते. हवा कोंडली की ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू माजतात. मग वास येतो, मिथेनही तयार होतो. कचरा डेपोच्या डोंगरात आपला ओला कचरा दबून पडतो, तेव्हा तिथे हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. २० वर्षांच्या हिशेबानं पाहिलं तर मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे ८० पट जास्त उष्णता धरून ठेवतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ साली जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. म्हणजे ड्रम ही नंतरची गोष्ट. त्याआधी ताटात आणि डब्यात उरलेलं संपवणं. त्याला तर काहीच खर्च नाही.

विजेचंही तसंच. खोलीतला दिवा बंद करा असं आपण मुलांना शंभरदा सांगतो. सांगावंच. पण हिशेब करून बघा. १५ लिटरची एक बादली पाणी २० अंशांनी तापवायला जवळजवळ ०.३५ युनिट वीज लागते. तेवढ्याच विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा ३८ तास चालतो. म्हणजे कुटुंबातल्या चौघांनी पाणी थोडं कमी गरम घेतलं, तर दिव्यांच्या बटणांपेक्षा कितीतरी जास्त वाचतं. जुना ६० वॅटचा पिवळा दिवा असेल तर तो मात्र आधी बदला. त्यातली बहुतेक वीज उष्णता होऊन जाते, उजेडाच्या वाट्याला फार थोडी येते. नळ गळत असेल तर सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी. दुरुस्तीला बहुतेक वेळा आतली एक रबरी चकती पुरते. पण ती बदलायची कशी हे कोण शिकवणार?

माझा सगळा भर या शेवटच्या प्रश्नावर आहे.

मार्टीन पोस्टमा या डच पत्रकार बाईंनी ऑक्टोबर २००९ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये पहिलं 'रिपेअर कॅफे' भरवलं. कल्पना अगदी साधी. ठरलेल्या दिवशी एका जागी टेबलं मांडायची, दुरुस्तीचं कसब असलेली माणसं अवजारं घेऊन बसणार, लोकांनी बिघडलेला पंखा, उसवलेला कोट, न चालणारा रेडिओ घेऊन यायचं आणि शेजारी बसून आपल्या हातानं दुरुस्त करायचं. पैसे नाहीत, द्यायचे असतील तर खुशीनं. आज जगभरात अशी दोन हजारांहून जास्त केंद्रं आहेत. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात सार्वजनिक ग्रंथालय १९७९ पासून पुस्तकांसारखीच अवजारंही उसनी देतं. भिंतीला चार भोकं पाडायला आपण ड्रिल मशीन विकत घेतो आणि मग ते वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहतं. एका इमारतीत चाळीस ड्रिल मशीनं असण्याऐवजी एक असलं तर सगळ्यांचेच पैसे वाचतील. यात त्याग कसला?

ब्राझीलमधलं कुरिचिबा शहर मला सगळ्यात जवळचं वाटतं, कारण त्यांनी गरिबांना उपदेश केला नाही. अरुंद गल्ल्यांच्या वस्त्यांत कचऱ्याची गाडी जाईना, तेव्हा गाडी येईल त्या जागी लोकांनी कचरा आणून द्यायचा आणि बदल्यात बसचं तिकीट घ्यायचं, अशी सोय १९८९ च्या सुमारास झाली. १९९१ पासून पुनर्वापराचा कचरा द्या आणि भाजी-फळं न्या, अशी योजना आली. चार किलोला एक किलो. आसपासच्या छोट्या शेतकऱ्यांचा जास्तीचा माल त्यात खपला. कचरा उचलला गेला, ताटात भाजी आली, आणि शेतकऱ्यालाही गिऱ्हाईक मिळालं.

आणि कोलंबियाची राजधानी बोगोटा. तिथे १९७४ पासून रविवारी मुख्य रस्ते मोटारींना बंद होतात. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत शंभर किलोमीटरहून जास्त रस्त्यांवर सायकली, स्केट्स, चालणारे आजी-आजोबा. दर रविवारी. माझ्यासाठी 'दर' हा शब्द महत्त्वाचा. वर्षातून एकदा मोटारींना सुट्टी दिली तर तो उत्सव होतो. दर आठवड्याला दिली की लोक त्या रस्त्याच्या भरवशावर सायकल घेतात. रवांडात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळे मिळून सार्वजनिक काम करतात. तिथे ते सरकारनं बंधनकारक केलंय, ती सक्ती मला पटत नाही. पण ठरलेला दिवस ही गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. पुढच्या वेळी कधी, हे कुणाला विचारावं लागत नाही.

आपल्याकडे ५ जूनचा पर्यावरण दिन येतो. २२ एप्रिलचा वसुंधरा दिन येतो. सप्टेंबरात स्वच्छतेचा दिवस येतो. या दिवसांबद्दल मला आदरच आहे. एस्टोनियात २००८ साली ५०,००० लोकांनी एका दिवसात देशभरातला दहा हजार टन बेवारस कचरा उचलला, आणि जागतिक स्वच्छता दिन त्यातूनच उगवला. पण तिथे लोकांनी आधी कित्येक महिने खपून कुठे किती कचरा पडलाय याचे नकाशे केले होते. त्या एका दिवसामागची ही तयारी फोटोत दिसत नाही.

झाडं लावण्याचं तर बोलायलाच हवं. शहरात लावलेल्या रोपाला पहिली दोन-तीन वर्षं कोरड्या दिवसांत पाणी लागतं, आळं लागतं, जनावरांपासून आडोसा लागतो. मी ज्या एका वृक्षारोपणाला गेले होते, तिथे त्या सकाळी आम्ही दीडशे रोपं लावली. पुढच्या वर्षी मुद्दाम बघायला गेले. मोजता आली ती अकरा. कुणी निष्काळजी होतं असं मी म्हणत नाही. पाणी कोण घालणार हे कुणाला नेमून दिलं नव्हतं, एवढंच. माझ्यासकट तिथल्या एकाही माणसानं तो प्रश्न विचारला नाही. त्यापेक्षा वीस रोपं लावावीत आणि वीस घरांची नावं लिहून घ्यावीत.

आणखी एक, जे मला सगळ्यात जास्त सलतं. हे कार्यक्रम होतात कधी आणि कुठे? कामाच्या दिवशी सकाळी अकराला, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सभागृहात, आधी ऑनलाइन नोंदणी करून. तिथे कोण येऊ शकतं? आमच्या मजल्यावर काम करणाऱ्या मावशी पिशवी फाटली तर शिवतात, शिवण्यापलीकडे गेली तर तिचं पायपुसणं करतात. रोज चालत येतात, बादलीभर पाण्यात फडकी धुऊन तेच पाणी जिन्याला वापरतात. त्यांच्या घरचा आठवड्याचा कचरा माझ्या एका दिवसाच्या कचऱ्याइतकाही नसेल. गरिबीला मी सद्गुण म्हणत नाही. त्यांना जास्त मिळायला हवं, नक्कीच. पण कमी वस्तूंत नीटनेटकं जगण्याचं जे ज्ञान त्यांच्या हातात आहे, ते ऐकायला आपण त्यांना कधी समोर बसवलंय का? मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, यात सांगायसारखं काय आहे?" त्यांना असं वाटावं, हे मला फार लागलं.

म्हणून जे कुणी कार्यक्रम आखतात त्यांना माझी कळकळीची विनंती. पिशव्यांचे पैसे सुई-दोरा, स्क्रूड्रायव्हर आणि नळाच्या चकत्यांवर खर्च करा. सभागृह नको, चालत जाता येईल असं मैदान, शाळेचं आवार किंवा जिन्याखालची जागाही चालेल. वेळ संध्याकाळची किंवा रविवारची. बोलणाऱ्यांत निम्मे तरी असे असावेत ज्यांचे हात त्या कामात मळलेले आहेत. मुलांना सोबत आणता यावं. आणि जाताना पुढची तारीख सांगा.

माझ्यापुरतं मी एक सुरू केलंय. आमच्या रस्त्यावर गळलेली पानं रोज सकाळी झाडून पेटवली जायची, डोळे चुरचुरायचे. झाडणाऱ्या दादांशी बोलले. आता ते पानांचा ढीग आमच्या फाटकाशी ठेवतात. काल संध्याकाळी त्या नऊ कोऱ्या पिशव्यांची घडी मोडली, त्यांत सुकी पानं दाबून भरली आणि फाटकाच्या गजांना ओळीनं अडकवून ठेवली. वर पुठ्ठ्यावर लिहिलं: खतासाठी सुकी पानं. घेऊन जा, पिशवी रिकामी झाली की परत अडकवा.

आज सकाळी पाहिलं तर चार पिशव्या गेल्या होत्या. दुपारी त्यातली एक रिकामी होऊन परत गजावर आली, आणि तिच्यात कुणीतरी पुदिन्याच्या दोन मुळ्या ओल्या कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या.