फायबरच्या होडीला ऊन लागतं, आणि डिझेल चोळून ते उतरत नाही

मे महिना उजाडला, होड्या ओढून किनाऱ्यावर घ्यायची वेळ जवळ आली, की फायबरच्या होडीची 'बिनखर्चाची निगा' सांगणारा एक संदेश मोबाइलवर फिरायला लागतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: फायबर म्हणजे काच, काचेला ऊन लागत नाही. होडी पांढुरकी पडली तर डिझेलमध्ये थोडं खोबरेल घालून चोळा, चमक परत येते. नाहीतर दर वर्षी पॉलिश पेपर (घासायचा खरखरीत कागद) मारा, आतून नवी होडी निघते. कायमचा इलाज हवा असेल तर वरून इपॉक्सी मारा. रंग गडद निवडा, हार्डनर (माल घट्ट करणारं द्रव्य) जरा जास्त टाका, आणि पावसाळ्यात निळी ताडपत्री घट्ट गुंडाळून ठेवा.

यातली बहुतेक वाक्यं चूक आहेत आणि एक-दोन अर्धवट खरी आहेत. अर्धवट खरी वाक्यं जास्त नुकसान करतात, कारण ती पटतात.

'काचेला ऊन लागत नाही.' काचेच्या धाग्याला लागत नाही, हे खरंच. पण होडी नुसत्या काचेची नसते. ते धागे ज्यात भिजवून बसवलेत ते पॉलिएस्टर रेझिन हे प्लास्टिक आहे, आणि उन्हातली अतिनील किरणं, साधारण २९० ते ४०० नॅनोमीटरची, ते शोषून घेतं. त्यात रेझिनच्या साखळ्या तुटतात. आधी पिवळसर झाक येते, मग चमक जाते, आणि मग वरचं रेझिन झिजून त्यात धरून ठेवलेला रंग आणि भुकटी मोकळी होते. हात फिरवला की तळव्याला खडूसारखं पांढरं लागतं, ते हेच.

म्हणूनच साच्यात सगळ्यांत आधी जेलकोट, म्हणजे रंग मिसळलेल्या रेझिनचा थर, मारतात. ही होडीची कातडी. जाडी किती, तर साधारण अर्धा मिलिमीटर. उन्हाचा मार तिने खायचा आणि आतलं मॅट (रेझिनमध्ये भिजवलेलं काचेच्या धाग्यांचं कापड) वाचवायचं, यासाठीच ती असते. चांगल्या जेलकोटमध्ये आयसोफ्थॅलिक रेझिन, त्याहून चांगल्यात आयसो-एनपीजी, आणि पांढऱ्या रंगासाठी रुटाइल जातीचं टायटॅनियम डायऑक्साइड असतं. स्वस्तात ऑर्थो रेझिन आणि चुन्याची भुकटी जास्त घातलेली असली, तर तीच होडी एक-दोन उन्हाळ्यांत खडू सोडायला लागते. होडी नवी घेताना इंजिनाचे अश्वबळ विचारतो तसं 'जेलकोट आयसो आहे का ऑर्थो' हेही विचारा. सांगता आलं नाही तर ऑर्थो धरून चाला.

एक गोष्ट मान्य करायला हवी. ऊन होडीत खोलवर शिरत नाही, मार वरच्या पातळ थरालाच बसतो. उन्हाने होडीची ताकद लगेच जात नाही. पण जेलकोट झिजून संपला की खालच्या मॅटचे धागे उघडे पडतात. काठावर हात ठेवला की कुसळं टोचतात, जाळं ओढताना दोरा अडकतो, आणि मुख्य म्हणजे त्या धाग्यांच्या कडेकडेने पाणी आत शिरायला लागतं. ऊन वाट करून देतं आणि त्या वाटेने पाणी येतं. हे सुरू झालं की पॉलिश, वॅक्स, काहीच उपयोगाचं राहत नाही.

आता डिझेल आणि खोबरेल. चमक येते, हे खोटं नाही. पण का येते ते पाहा. खडू पडलेल्या पृष्ठभागावर असंख्य बारीक खड्डे असतात, त्यांत उजेड विखुरतो म्हणून रंग फिका दिसतो. त्या खड्ड्यांत तेल भरलं की रंग गडद दिसतो. नुसतं पाणी मारलं तरी नेमकं हेच होतं, आणि पाणी फुकट आहे. डिझेलचा हलका भाग उडून जातो, जड भाग चिकट होऊन बसतो, त्यावर मीठ आणि धूळ धरते, पहिल्या पावसात त्याचा तवंग खाडीत जातो, आणि डेकवर असेल तर खलाशाचा पाय घसरतो. खोबरेल वाळतच नाही, ते खवट होतं.

ही सवय आली कुठून हे समजण्यासारखं आहे. लाकडी होडीला तेल पाजायची रीत जुनी आणि बरोबर आहे, कारण लाकूड तेल पितं आणि त्याने पाणी कमी घेतं. पण फायबर तेल पीत नाही. ते तेल वरच्या खड्ड्यांत नुसतं बसून राहतं, आणि त्याची खरी किंमत पुढे रंग लावताना मोजावी लागते. तेल राहिलेल्या जागी रंग धरत नाही, थेंबाभोवती गोल खळगे पडतात आणि सहा महिन्यांत पापुद्रे निघतात. डॅशबोर्ड चमकवायचं सिलिकॉनचं पॉलिश तर डिझेलहून वाईट. ते घासूनही पुरतं जात नाही.

डिझेल आधीच चोळलेलं असेल तर पेपर मारण्यापूर्वी ते काढा. पेपर आधी मारला तर तेल आणखी आत दाबलं जातं. १० लिटर गोड्या पाण्यात भांडी घासायचं लिक्विड ३०-४० मिली घालून मऊ ब्रशने धुवा, खळखळून धुऊन पूर्ण वाळू द्या. मग दोन चिंध्या घ्या: पहिलीने थिनर किंवा एसीटोन लावायचं, आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या चिंधीने पुसून घ्यायचं. एकच चिंधी फिरवली तर तेल इकडचं तिकडे होतं, निघत नाही. चिंधी मळली की फेका. शेवटी पाणी शिंपडून पाहा. पाणी सपाट पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ. मण्यांसारखं गोळा झालं तर तेल अजून आहे. टॉयलेट क्लीनरचं ॲसिड कुठेही वापरू नका.

मग ठरवायचं, नुसत्या पॉलिशने भागेल की रंग लागेल. यासाठी सोपी परीक्षा आहे. खडू पुसून काढा आणि ती जागा ओली करा. ओली असताना रंग एकसारखा, मूळचा दिसला आणि कुठे धाग्यांची जाळी दिसली नाही, तर जेलकोट शिल्लक आहे. ओलीवरही डाग-डाग राहिले, किंवा कोपऱ्यांत खालचा हिरवट-पिवळट थर डोकावत असेल, तर तिथे कातडी संपत आली आहे.

जेलकोट शिल्लक असेल तर ८०० नंबरचा वॉटर पेपर पाणी मारत, मग १२००, मग लोकरी पॅडवर रबिंग कंपाउंड. मशीन मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या आसपास ठेवा आणि एका वेळी दोन फूट बाय दोन फूट एवढीच जागा घ्या. काठावर आणि कोपऱ्यावर मशीन थांबवू नका, तिथे जेलकोट मुळातच पातळ असतो आणि पॅडच्या उष्णतेने क्षणात जळतो. हे काम सकाळी सावलीत करायचं. तापलेल्या डेकवर कंपाउंड वाळून दगड होतं. शेवटी वॅक्सचे दोन हात, मध्ये थोडा वेळ सोडून. वॅक्स स्वतः झिजतं आणि जेलकोटला वाचवतं, म्हणून ते परत लावावंच लागतं. कोकणच्या उन्हात आणि खाऱ्या पाण्यात दर दोन-तीन महिन्यांनी डेकला आणि काठाला, बाजूंना हंगामात दोनदा. डेकवर मात्र चालायच्या जागा सोडा, तिथे वॅक्स म्हणजे घसरगुंडी.

'दर वर्षी पेपर मारा, आतून नवी निघते' याला उत्तर वरच आलं आहे. अर्ध्या मिलिमीटरमधून दर वर्षी काढत गेलात तर आतून नवी होडी निघत नाही, मॅट निघतं. पेपर लागतो तो दुर्लक्ष झालेल्या होडीला, एकदा. त्यानंतर वॅक्स चुकवलं नाही तर पेपरची पाळी फार उशिरा येते.

इपॉक्सीचा सल्ला सर्वांत महाग पडणारा आहे. इपॉक्सी पॉलिएस्टरहून चिवट, जास्त चिकट आणि पाणी कमी घेणारं रेझिन आहे. तळाला, भेगेला, जोडाला ते उत्तम, म्हणून लोकांना वाटतं की ते सगळ्याच बाबतीत वरचढ. पण ऊन हाच त्याचा कच्चा दुवा आहे. नेहमीचं बिस्फेनॉल-ए जातीचं इपॉक्सी उघड्यावर जेलकोटपेक्षा लवकर पिवळं पडतं आणि लवकर खडू सोडतं. शिवाय हवेच्या तापमानाला वाळवलेलं साधं इपॉक्सी ५०-६० अंशांपासून मऊ पडायला लागतं, आणि मे महिन्याच्या दुपारी गडद डेक तेवढा सहज तापतो. आणखी एक अडचण: एकदा इपॉक्सी मारलं की त्यावर पुन्हा पॉलिएस्टरचा जेलकोट नीट वाळत नाही, नीट धरतही नाही. म्हणजे परतीची वाट बंद.

इपॉक्सी खाली असावं, वर उन्हाला तोंड द्यायला टू-पॅक (रंग आणि हार्डनर मिसळून लावायचा) पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, रंग असावा. हा रंग ॲलिफॅटिक जातीचाच हवा. ॲरोमॅटिक पीयू उन्हात पिवळा पडतो, दुकानात दोन्ही 'पीयू' म्हणूनच मिळतात, तेव्हा डबा आणि माहितीपत्रक वाचून घ्या. क्रम असा: वर सांगितल्याप्रमाणे धुणं आणि पुसणं, १८०-२२० नंबरचा पेपर, खड्डे इपॉक्सी पुट्टीने भरणं, इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, ३२० चा पेपर, मग पीयूचे दोन ते तीन हात, प्रत्येक वाळल्यावर ५० मायक्रॉनच्या आसपास. इपॉक्सी वाळल्यावर वर मेणचट, किंचित ओशट थर येतो. तो आधी पाण्याने आणि घासणीने धुवायचा, मग पेपर. हा एक टप्पा गाळला म्हणून पीयू सोललेला पुष्कळ दिसतो.

रंग किती लागेल? डब्यावर घन भाग आकारमानाने ५० टक्के लिहिला असेल तर १ लिटरमध्ये ५० मायक्रॉन जाडीने १० चौरस मीटर होतात. डेक, काठ आणि बाजू मिळून २५ चौरस मीटर धरले तर दोन हातांना ५ लिटर. ब्रश, रोलर, ट्रे यांत जाणारा धरून ६ लिटर घ्या. ताणून लावलेला पातळ रंग दिसायला सारखाच दिसतो, पण ऊन अडवत नाही.

किनाऱ्यावर या रंगाचा शत्रू दव आहे. पीयूचा हार्डनर पाण्याशीही भिडतो: ओलाव्यात फोड येतात, ओल्या रंगावर दव पडलं की रात्रीत चमक मरते. सकाळचं दव पूर्ण उडाल्यावर सुरू करा आणि दुपारी दोन-अडीचला हात थांबवा, म्हणजे संध्याकाळच्या आत वरचा थर वाळतो. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल त्या दिवशी डबा उघडूच नका. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला कायमचं बाधतं. ब्रश-रोलरने काम करतानाही सेंद्रिय वाफेसाठीचा गाळणीचा मास्क आणि हातमोजे हवेत. तोंडाला बांधलेला रुमाल काही अडवत नाही. स्प्रे तर बाहेरून हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय करायचाच नाही.

ताडपत्रीबद्दल. झाकणं बरोबर, घट्ट गुंडाळणं चूक. पावसाळी मासेमारीबंदीत, १ जून ते ३१ जुलै, होडी बंद असते, आत ओल कोंडली की बुरशी धरते, आणि आधीच कमकुवत झालेल्या जेलकोटखाली फोड यायला लागतात. वाऱ्यावर फडफडणारी ताडपत्री वाळूसकट काठावर घासते आणि एका पावसाळ्यात काठाचा जेलकोट खाऊन टाकते. पातळ निळी ताडपत्री स्वतःच उन्हाने विरते. जुने लोक होडी शाकारायचे, झावळ्यांची सावली खाली आणि वारा आरपार. तीच रीत ताडपत्रीला लावा. मधोमध बांबूचा कणा घ्या, दोन्हीकडे उतार द्या, काठापासून सहा ते नऊ इंच मोकळे ठेवा, पुढची नाळ आणि मागचं तोंड उघडं ठेवा. ताडपत्री किमान २०० जीएसएमची (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची), यूव्ही-स्टॅबिलाइज्ड आणि फिकट रंगाची हवी. दोरी जिथे काठावरून जाते तिथे जुन्या पाइपचा तुकडा चिरून बसवा. तळाचं बूच काढा आणि नाळ थोडी उचलून ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही. आणि ढग आहेत म्हणून ऊन नाही, असं धरू नका. अतिनील किरणांचा बराच भाग ढगातून खाली येतो. मुंबईच्या डोक्यावर सूर्य मेच्या मध्यावर येतो तसाच जुलैच्या अखेरीस पुन्हा येतो.

गडद रंगाचं अर्धं खरं आहे. काळ्यातला कार्बन अतिनील किरणं उत्तम अडवतो. पण काळा डेक इतका तापतो की पाय ठेववत नाही आणि खालचं रेझिन मऊ पडून मॅटची वीण वर उमटते. लाल आणि निळे बहुधा सर्वांत आधी फिके पडतात. डेकला पांढरा किंवा फिका रंग, नावाची पट्टी हवी तेवढी गडद.

हार्डनर जास्त टाकून जेलकोट कडक होत नाही, ठिसूळ आणि पिवळट होतो. डागडुजीला १ किलो जेलकोटला १५ ग्रॅम कॅटॅलिस्ट (हाच तो हार्डनर), म्हणजे दीड टक्का, वजनकाट्यावर मोजून. कडक उन्हाळ्यात एक टक्क्यापर्यंत खाली या, त्याखाली नको, नाहीतर आतून कच्चा राहतो आणि कच्चा जेलकोट सर्वांत आधी खडू सोडतो. रंगाची पेस्ट दहा टक्क्यांच्या वर नको. एक चौरस मीटरला साधारण ६०० ग्रॅम माल लागतो. साच्याबाहेर, उघड्या हवेत मारताना शेवटच्या हातात वॅक्स सोल्यूशन घाला, नाहीतर वरचा थर चिकटच राहील. कॅटॅलिस्ट आणि कोबाल्ट (वाळण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) एकमेकांत थेट कधीही ओतू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचा, कॅटॅलिस्ट त्यानंतर, आणि दोन्हींच्या बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत.