एकाच मालकाची कवळी

काल एका अनोळखी माणसानं मला त्याच्या दिवंगत भावाचे दात देऊ केले. फुकट. वर ‘घालून तर बघा’ असा आग्रह. राग अजून उतरलेला नाही, आणि तो त्या माणसाचा जास्त की दवाखान्यात बसलेल्या बाकीच्या मंडळींचा, हे ठरत नाही.

उरलेसुरले दात पावसाळ्याआधी काढून झाले, हिरड्या भरून आल्या, आता वरची-खालची दोन्ही कवळी करायचं चाललंय. एकदा माप द्यायचं, एकदा मेणाच्या कडा चावून दाखवायच्या, एकदा मेणात रोवलेले दात घालून आरशात बघायचं, मग कुठे पक्की कवळी. दर खेपेला राजारामपुरीतल्या त्या दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर तासभर बैठक.

काल शेजारी हे गृहस्थ. पांढरा लेंगा, गांधी टोपी, मांडीवर कापडी पिशवी.

“काय सर, वरची का खालची?”

“दोन्ही,” मी म्हणालो. म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला. मी जन्मभर मराठी शिकवलं. त, थ, द, ध, न हे दंत्य वर्ण पोरांकडून घोकून घेतले. त्या वर्णांनी आता माझ्यावर सूड उगवलाय. बाहेर जे पडलं ते ऐकून गृहस्थांनी आवाज चढवला. “वरची का खालची म्हणतोय मीऽऽ!”

हा एक अनुभव नवीनच. दात गेले की कानही गेले असं लोक धरून चालतात. बँकेतली मुलगी ओरडून बोलते, रिक्षावाला ओरडून बोलतो आणि सुटे पैसे देताना माझ्याच तळहातावर एकेक नाणं मोजून दाखवतो. दातांबरोबर हिशेबही गेला, असा त्याचा समज असावा.

मी दोन बोटं वर केली.

“दोन्ही? मग तर झ्याकच!” म्हणत त्यांनी पिशवीत हात घातला आणि प्लास्टिकची एक बरणी बाहेर काढली. बरणीवरचा कागद अर्धा सोललेला, ‘आंब्याचं लोण’ एवढंच शिल्लक. आत पाणी. पाण्यात कवळी. वरच्या कवळीच्या एका सुळ्याशेजारी पानाचा काथ बसल्याची बारीक लाल रेघ, आणि त्या रेघेसकट सगळे दात माझ्याकडे बघून हसत होते.

“थोरल्या भावाची. दिवाळीत करून घ्येतली, संक्रांतीला गेला. वापर म्हणाल तर दोन-अडीच महिनं. त्यातलं बी शेवटचं पंधरा दिवस सलाईनवर, म्हंजे ते धरायचंच न्हाई. एकाच मालकाची हाय.”

मी बोलायला तोंड उघडलं. त्यांना वाटलं, माप बघू देतोय. त्यांनी वाकून आत बघितलं.

“साईज तीच वाटती.”

“तुम्ही ही इथं...?”

“डॉक्टरांस्नी इचारायला आणली व्हती, परत घेत्यात का म्हणून. न्हाई म्हणाले. आता चांगली वस्तू, टाकवत न्हाई. पाण्यातच ठेवलीया बघा. सुकली तर वाकडी हुती. माझ्या म्हातारीला वाटतंय लोणचंच हाय, एकदा चमचा घालायला निघाली व्हती.”

एवढ्यात समोरच्या बाई मध्ये पडल्या. मला वाटलं, माझ्या बाजूनं. “बघा की घालून काका. बसली तर तेवढेच पैसे वाचतील.” गालात कापसाचा बोळा धरलेल्या एका पोरानं अंगठा वर करून अनुमोदन दिलं. आणि काउंटरवरची मुलगी, जिनं मी आल्यापासून मोबाईलवरून मान उचलली नव्हती, ती म्हणाली, “सर, आधी धुऊन घ्या हं. बेसिन तिकडं आहे.”

धुऊन घ्या! म्हणजे घालायचं ठरलेलंच होतं, मुद्दा फक्त स्वच्छतेचा उरला होता.

मी जमेल त्या वर्णांत समजावून सांगितलं की हिरडीचा आकार प्रत्येकाचा वेगळा. वरची कवळी टाळूला चिकटते ती मधल्या थुंकीच्या पातळ थरामुळे, आणि त्यासाठी ती टाळूला तंतोतंत बसावी लागते. शिवाय दात काढले की जबड्याचं हाड झिजत जातं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त. त्यामुळे माणसाची स्वतःची कवळीसुद्धा काही काळानं ढिली होते आणि आतून भरून घ्यावी लागते. तिथं दुसऱ्याची काय बसणार?

गृहस्थांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “चप्पल बी पयल्यांदा चावतीच की.”

खरं सांगायचं तर मेलेल्याचे दात जित्याच्या तोंडात ही कल्पना काही त्यांची नाही. 1815 मध्ये वॉटर्लूच्या लढाईत पडलेल्या शिपायांचे दात उपटून नेले गेले, इंग्लंडमध्ये त्यांच्या कवळ्या झाल्या, आणि अशा दातांना पुढे ‘वॉटर्लूचे दात’ असंच नाव पडलं. त्याआधी जॉर्ज वॉशिंग्टन 1789 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. लोक म्हणतात त्यांची कवळी लाकडाची होती. नव्हती. हस्तिदंत, धातू आणि माणसांचेच दात अशी जोडणी होती. पण त्यांना निदान बरणी घेऊन शेजारी बसलेलं कुणी नव्हतं.

नंबर लागला. मी आत गेलो. माझ्यामागून तेही आत आले. डॉक्टरांना वाटलं माझे नातेवाईक, मला वाटलं डॉक्टर हाकलतील. कुणीच काही केलं नाही.

दातांचा रंग ठरवायचा होता. त्यासाठी डॉक्टरांकडे दातांची एक पट्टी असते, तिच्यावर 16 छटा, ए बी सी डी असे चार गट. ए लालसर तपकिरीकडे झुकणारा, बी पिवळसर, सी करडा, डी लालसर करडा. माझं वय आणि कातडीचा रंग बघून डॉक्टरांनी ए-थ्री पुढं धरला. अगदी खरा दिसणारा, जरा मुरलेला दात. मला पटला. घरूनही तशीच ताकीद होती, “टीव्हीवरच्या जाहिरातीसारखे आणू नका, आपल्याला मुलाचं लग्न करायचंय, तुमचं नाही.”

गृहस्थांनी मान हलवली. “पांढऱ्याचं काय जास्त पडत्यात का?”

“नाही, दर तोच,” डॉक्टर म्हणाले.

“मग पिवळं दात इकत घेणारा माणूस मी पयल्यांदाच बघाय लागलोय.”

डॉक्टर हसले. सहायक मुलगी हसली. मी तोंड उघडून खुर्चीत आडवा होतो. दिव्याखाली, ‘आ’ केलेल्या अवस्थेत माणसाला स्वाभिमान दाखवायला फार कमी जागा असते.

पुढचा विषय निगा. डॉक्टर मला सांगत होते, उत्तरं ते देत होते. रात्री काढून पाण्यात ठेवायची. “ठेवतोय.” उकळतं पाणी चालणार नाही, ॲक्रिलिक वाकतं. “मी चहाच्या पातेल्यातच उकळतोय, काय हुईत न्हाई,” असं म्हणताना त्यांची वरची कवळी टक् करून खाली आली आणि त्यांनी ती जिभेनं जागेवर ढकलली. टूथपेस्ट लावायची नाही, चरे पडतात. मऊ ब्रश आणि साधा साबण. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवायचं, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. जेवताना काढून कागदी रुमालात गुंडाळायची नाही. इथं गृहस्थ पहिल्यांदाच गप्प झाले. मग म्हणाले, “पुतण्याच्या लग्नात पत्रावळीसंगं गेली. रात्री बॅटरी घेऊन उकिरडा उपसला. घावली.”

ती हीच का, हे मी विचारलं नाही.

मटणाचं विचारलं. हळूहळू, म्हणाले डॉक्टर. आधी मऊ भात, बारीक घास, दोन्ही बाजूंनी चावायचं, पुढच्या दातांनी तोडायचं नाही. कोल्हापुरात राहून नुसता पांढरा रस्सा पीत बसायचं आणि समोर जावई नळी फोडताना बघायचं. आणि या सगळ्याचा खर्च माझ्या खिशातून. मेडिक्लेमचा हप्ता दरवर्षी वाढतो. गुडघा बदलला तर पैसे मिळतात, मोतीबिंदू काढला तर मिळतात, कवळीला मात्र छदाम नाही. पेन्शनरनं अन्न चावणं ही नटण्यामुरडण्यात मोडणारी गोष्ट आहे, असं कुण्या दातवाल्या माणसानं ठरवलं असणार.

बाहेर आल्यावर गृहस्थांनी बरणीचं झाकण घट्ट केलं. “मनावर घेतलं तर सांगा. दुसरं बी एक गिऱ्हाईक हाय, पण तुमच्या शब्दाबिगर देत न्हाई.”

मी काउंटरवर पुढची तारीख घेतली, शनिवार. आणि शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं, त्या काकांची कधीची आहे.

“शनिवारच, सर,” मुलगी ओरडून म्हणाली. “तुमच्यासाठीच त्यांनी बदलून घेतली.”