गाळलेल्या संख्या, गळालेला बाप

‘गाळलेली संख्या लिहा’ हा प्रश्न ज्याने पहिल्यांदा काढला, त्याला मला एकच विचारायचंय. बाबा रे, गाळलीस कशाला? होती तिथे बरी होती की! हल्ली जेवणं आटोपली की आमची दुसरीतली कन्या वही घेऊन बसते आणि मी तिच्यासमोर. आतून बायको ‘आवाज कमी!’ म्हणून ओरडते. ते मला असतं.

२, ४, ६, __, १०.

‘‘किती येतील?’’

‘‘सात.’’

‘‘अगं, मग चारच्या पुढे सहा कसे आले?’’

‘‘पाच गाळले असतील. गाळलेल्याच संख्या आहेत ना?’’

यावर काय बोलणार? मग खडूने हॉलमधल्या फरशांवर आकडे लिहिले आणि एक फरशी सोडून उड्या मारायला लावल्या. हे मात्र पटलं. सोळापर्यंत गाडी सुरळीत गेली. अठरावर खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला.

उतरत्या क्रमाला उड्या बाद. ३०, २७, २४, __. म्हटलं, लिफ्ट खाली येतेय समज. तर म्हणते, ‘‘तीन-तीन मजल्यांनीच थांबते? मग मधल्यांनी काय करायचं?’’ सोसायटीच्या सभेत इतका मुद्देसूद प्रश्न मी आजवर ऐकलेला नाही.

खरी मजा १९, २९, ३९, __ ला आली. तिने सुरात ‘एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास’ म्हटलं आणि वहीत ठणठणीत ५९ लिहिले. तोंडाने पन्नास म्हणायचं आणि हाताने चार लिहायचा, हा व्यवहार तिला मंजूर नव्हता. पावकी-निमकी-दिडकी तोंडपाठ असलेले आजोबा मदतीला धावले. ‘‘एकोण म्हणजे एक उणा. पन्नासाला एक कमी!’’

‘‘मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?’’

आजोबांनी सकाळचाच पेपर पुन्हा उघडला. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलं, तेव्हा मराठी बुडाली म्हणून याच आजोबांनी दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. मी त्यांच्याकडे पाठ करून हळूच ‘चाळीस नऊ’ म्हणालो. पोरीने क्षणात ४९ लिहिले.

एवढ्यावर निभावलं असतं, पण रविवारी माझा मेहुणा आला. तो इंजिनियर. १, २, ४, ८, १६ च्या पुढे काय, असं त्याने विचारलं. मी अर्थातच ३२ म्हणालो. त्याने आजोबांच्या पेपरच्या कोपऱ्यात वर्तुळ काढलं, त्यावर सहा बिंदू दिले, प्रत्येक बिंदू बाकीच्या सगळ्यांना रेघेने जोडला आणि पडलेले तुकडे मोजायला लावले. एका बिंदूला एकच तुकडा, दोनला दोन, तीनला चार, चारला आठ, पाचला सोळा. आणि सहाला जास्तीत जास्त ३१! वर म्हणतो, ‘‘भाओजी, चार-पाच संख्या दिल्या तर पुढे वाट्टेल ती संख्या बसवणारं सूत्र काढता येतं. सहाच्या पुढे सातसुद्धा.’’

हे खरं आहे. पण खरं असलं म्हणून दुसरीतल्या मुलीसमोर बोलायचं?

आता घरात कुठलंच उत्तर चुकत नाही. ‘‘मामा म्हणालाय, सूत्र निघतं,’’ एवढं सांगून ती कार्टून लावते. परवा हेच तिने वर्गात बाईंना ऐकवलं. वहीत लाल शाईने शेरा आलाय: ‘पालकांनी भेटावे.’

मी मेहुण्याला सुट्टी टाकायला सांगितली आहे.