ब्लाउजातली माया आणि पॅरिसमधली पाटी

आमच्या फॅमिली ग्रुपवर आठवडाभर एकच भांडण चालूये. भाचीचं लग्न झालं दादरला, अल्बम आला आणि त्यात पोरगी ओळखूच येईना. मूळची छान सावळी, नाकीडोळी नीटस, ती फोटोत दुधात बुडवून काढल्यासारखी, आणि दंड इतके बारीक केलेत की एका फोटोत बाजूबंद चक्क हवेत तरंगतोय. फोटोग्राफर म्हणे, सगळ्यांना करतो तसंच केलं. भाची रडली, ताई म्हणाली जाऊ दे गं, मावशीने "गोरी दिसली तर काय बिघडलं" असं टाकलं आणि मग जे सुरू झालं ते विचारूच नका. शेवटी मला टॅग केलं, "तू सांग, तुमच्या फ्रान्समध्ये तर कायदाच आहे ना?"

हो, आहे. १ ऑक्टोबर २०१७ पासून इथे जाहिरातीत मॉडेलचं अंग कॉम्प्युटरवर बारीक किंवा जाड केलं असेल तर फोटोत फेरफार केलाय अशी पाटी द्यावी लागते, नाहीतर ३७,५०० युरो दंड, आणि तो वाढून जाहिरातीच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंतही जाऊ शकतो. शिवाय मॉडेलला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. मलाही पहिल्यांदा ऐकून भारी वाटलेलं. पण ती पाटी मेट्रो स्टेशनवर शोधायची म्हणजे पोस्टरजवळ जाऊन वाकून बघायचं, आणि मुख्य म्हणजे ती फक्त अंगकाठीपुरती. रंग उजळवला, सुरकुत्या पुसल्या तर काही लिहायला नको. म्हणजे भाचीचे दंड त्या कायद्यात बसले असते (तेही अल्बम ही जाहिरात असती तर), तिचा रंग नसता बसला. आपल्याकडचं खरं दुखणं तर रंगाचंच.

आपल्याकडेही नियम आहेत हो. २०१४ मध्ये जाहिरातवाल्यांच्याच कौन्सिलने सांगितलं की सावळ्या माणसाला दुःखी, मागे पडलेलं असं दाखवायचं नाही. १९७५ पासून घरोघरी असलेल्या फेअर अँड लव्हलीचं २०२० मध्ये ग्लो अँड लव्हली झालं. मावशी अजून दुकानात जुनंच नाव सांगते आणि दुकानदार बरोब्बर तीच ट्यूब काढून देतो.

मला कोणी विचारलं ना की तू स्टाइल कुठून शिकलीस, तर मासिकं नंतर आली. आधी लोकलचा लेडीज डबा. सकाळच्या गर्दीत दीड तास उभं राहून तुम्ही पन्नास बायका बघता, त्यातली एकही मॉडेल नसते, सगळ्या घामेजलेल्या, आणि तरी कोणाचा मोहरी रंगाचा दुपट्टा, कोणाचं वीस रुपयांचं डब्यातच घेतलेलं कानातलं असं काही खुलून दिसतं की मी घरी जाऊन आईचं कपाट उपसायचे. माझ्याच रंगाच्या, माझ्याच बांध्याच्या बायका, त्यामुळे हे आपल्याला शोभेल का हा प्रश्नच पडायचा नाही.

दुसरा गुरू म्हणजे आमचे मास्तर. हिंदमाताला कापड घ्यायचं आणि त्यांच्याकडे टाकायचं, सोबत मापाचं जुनं ब्लाउज. ते टेप टाकून स्पष्ट सांगायचे, "ताई, दंड वाढलेत हां," आणि पुढच्याच वाक्याला, "माया ठेवलीय दोन इंच, उसवून देतो." मायाच म्हणतात त्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला! माझ्या लग्नातलं ब्लाउज तीनदा उसवलंय, आत जुन्या टाक्यांच्या भोकांच्या तीन रांगा दिसतात, बाहेरून कोणाला कळतही नाही.

इथे रेडीमेड कपड्यात माया नसते. पॅरिसच्या ट्रायल रूममध्ये ४० नंबरचा ड्रेस कमरेला सैल आणि दंडात अडकलेला, मी दोन्ही हात वर करून मिनिटभर तशीच उभी, बाहेरची मुलगी गोड आवाजात विचारते "सगळं ठीक ना?" ती काही बोलणार नाही, वजनावर तर अजिबातच नाही, आणि खरं सांगते, पहिली दोन वर्षं मला हे फार बरं वाटलं. मुंबईत पाय ठेवला की बिल्डिंगच्या गेटपासून "सुटलीस गं" सुरू होतं, ते काही मला गोड वगैरे वाटत नाही. पण मास्तरांचं बोलणं मला कधी लागलं नाही, कारण हातात कात्री असायची आणि ती कापडावर चालायची. फोटोग्राफरने ती थेट पोरीच्या दंडावर चालवली, तेही न विचारता.

म्हणून माझं मत विचाराल तर कायदा करा, जरूर करा, पण पॅरिसची पाटी जशीच्या तशी उचलू नका, तिच्यात रंग घाला. आणि लग्नाच्या फोटोंसाठी कायद्याची वाट कशाला बघायची, ऑर्डर देतानाच सांगायचं ना की रंगाला आणि अंगाला हात लावायचा नाही. केटरर्सना नाही का आपण चारदा सांगत की आमटी गोड हवी.

भाचीला मी वेगळा मेसेज केला, ओरिजिनल फोटो मागून घे. तिने मागितले. तो म्हणतो, टच-अप न केलेल्या फाइल्सचे वेगळे पैसे पडतील.